युनियनचं कॅलेंडर: कोणत्या तारखेला काय मागायचं

आठ मार्चला कारखान्याच्या गेटवर काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. एचआरतर्फे प्रत्येकीला एक गुलाब, कॅन्टीनमध्ये गुलाबजाम, दुपारी रांगोळी स्पर्धा. युनियनचा कार्यक्रमही याच्या फार पुढे जातो असं नाही. व्यासपीठावर सहा पुरुष, सूत्रसंचालन एका बाईकडे, आभार दुसरीकडे, मधे सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार. साडेपाचला मंडप उतरतो, आणि आज नेमकं काय मागितलं असं कुणी विचारलं तर सेक्रेटरीलाही सांगता येत नाही.

समानतेचे, कामगार हक्कांचे हे दिन बिनकामाचे आहेत असं मुळीच नाही. त्यांचा एक रोकडा उपयोग आहे: त्या दिवशी व्यवस्थापनाला तोंड फिरवता येत नाही. फेब्रुवारीत बायका-पुरुषांच्या पगाराची तुलना मागा, ‘बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ’ असं ऐकू येईल. तेच पत्र आठ मार्चला सकाळी, त्यांनीच लावलेल्या समानतेच्या बॅनरखाली उभं राहून द्या, निदान पोच तरी मुकाट मिळते. दिनाचं भांडवल एवढंच, तेही एका दिवसापुरतं. ते मंडपावर खर्च करायचं की पत्रावर, हे युनियननं ठरवायचं.

संयुक्त राष्ट्रांकडे जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी एक दिवस आहे. सगळे पाळायला गेलं तर वर्षभर बॅनरच छापत बसावं लागेल. नऊ जणांची कार्यकारिणी, त्यात पूर्णवेळ कुणीच नाही, अशा युनियनला वर्षाला चार-पाच तारखा नीट झेपतात. महाराष्ट्रापुरती माझी निवड अशी: ८ मार्च, एप्रिलमध्ये १४ आणि २८ जोडून, १ मे, जूनचा १० ते १६ हा आठवडा, आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. बाकीच्या दिनांना नोटीस बोर्डावर एक कागद पुरे.

प्रत्येक तारखेला मागणी एकच, आणि त्या मागणीत आकडा हवा. सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटाची सोय. यातली एकही मागणी ‘न्याय द्या’ छापाची नाही. वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. अशा मागणीला मालकाला हो तरी म्हणावं लागतं नाहीतर नाही. ‘महिला सक्षमीकरणासाठी ठोस पावले उचलावीत’ या मागणीला मालक हसतमुखानं हो म्हणतो, कारण त्यात त्याला उचलायचं काहीच नसतं.

आठ मार्च: दोन पगारस्लिपा शेजारी ठेवा

आठ मार्चची तयारी जानेवारीत सुरू होते, आणि ती म्हणजे स्लिपा गोळा करणं. वीस जणांच्या, दहा बायका आणि दहा पुरुष, सलग तीन महिन्यांच्या. एका महिन्याच्या स्लिपेवरून काही कळत नाही. त्या महिन्यात कुणी रजेवर असतं, कुणाला मागची थकबाकी मिळालेली असते. तक्त्याचे रकाने असे: सांकेतिक अक्षर (नाव नाही), प्रत्यक्ष करत असलेलं काम, स्लिपेवरचं पदनाम, रुजू झाल्याचं वर्ष, बेसिक, डीए (महागाई भत्ता), इतर भत्ते, हजेरी भत्ता, ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास.

यातले दुसरा आणि तिसरा हे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. एकाच कामाला बाईसाठी एक दर आणि पुरुषासाठी दुसरा असं आज कुणी उघड लिहीत नाही. फरक लपतो तो पदनामात. एकाच असेंब्ली लाइनवर, एकाच टेबलावर, सारख्याच सायकल टाइमवर (म्हणजे एका नगाला ठरलेल्या वेळेवर) दोघं बसतात. तिच्या स्लिपेवर ‘हेल्पर’, त्याच्या स्लिपेवर ‘ऑपरेटर ग्रेड दोन’. कायद्याच्या भाषेत हे ‘समान किंवा समान स्वरूपाचं काम’ आहे की नाही, ते ठरतं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांवरून. पदनाम त्यात कुठेच येत नाही. म्हणून दुसऱ्या रकान्यात ‘असेंब्ली’ असं मोघम लिहू नका. कोणतं मशीन, पाळीला किती नग, कोणतं गेज वापरते, लाल टॅग लावून माल नाकारायचा अधिकार तिला आहे का, नवीन पोराला शिकवते का, हे लिहा. पुढे लेबर ऑफिसात वाद झालाच तर हाच रकाना कामाला येतो.

फरक किती पडतो? समजा बेसिक आणि डीए मिळून महिन्याला १,८५० रुपये. वर्षाचे २२,२०० झाले, हे कुणीही सांगेल. पण पूर्ण पगारावर पीएफ कापला जात असेल तर १२ टक्क्यांनी तिच्या खात्यात मालकाचे २२२ रुपये दर महिन्याला कमी जमतात, आणि तिचे स्वतःचेही तेवढेच. ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ या हिशोबानं नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १,०६७ रुपयांनी घटते. ओटी दुप्पट दरानं, म्हणजे ओटीच्या प्रत्येक तासाला साधारण १८ रुपये. हा हिशोब पत्रकात छापा. ‘लिंगाधारित वेतनदरी’ असं छापलं तर कुणी वाचणार नाही. ‘दर वर्षामागे ग्रॅच्युइटीत १,०६७ कमी’ हे बसमध्ये बसून वाचतात आणि शेजारणीला दाखवतात.

दुसरा फरक हजेरी भत्त्यात असतो. महिन्यात एक खाडा पडला की भत्ता गेला, नियम सगळ्यांना सारखाच. पण मूल तापलं की घरी कोण राहतं? तीन महिन्यांत किती बायकांना हजेरी भत्ता पूर्ण मिळाला आणि किती पुरुषांना, एवढं मोजलं की पुरे. तसंच ओटीचं. ‘बायका थांबत नाहीत’ हे सुपरवायझरचं ठरलेलं वाक्य. थांबत नाहीत कारण ओटीनंतर कंपनीची बस नसते. अशा वेळी मागणी ओटीची करायची नाही, बसची करायची.

तक्ता चुकतो तो ठरलेल्या जागी. लोक हातात पडणारा पगार ताडून बघतात, आणि त्यात सोसायटीचं कर्ज, एलआयसी, ॲडव्हान्स सगळं कापलेलं असतं. ग्रॉसच बघायचा, म्हणजे काही कापण्याआधीचा, तोही घटक सुटे करून. दुसरी चूक, २००९ ला लागलेला पुरुष आणि २०१९ ला लागलेली बाई यांची तुलना. व्यवस्थापन पहिल्या मिनिटात ती उडवून लावतं आणि मग खरी उदाहरणंही कुणी ऐकून घेत नाही. जोड्या लावताना रुजू होण्याचं अंतर दोन वर्षांच्या आत ठेवा. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: स्लिपांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. स्लिपेवर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असतो, बँक खातं असतं, आणि ग्रुपमध्ये एखादा तरी एचआरचा माणूस असतोच. स्लिपा कागदावर घ्या, दोनच माणसांनी हाताळा, तक्ता झाला की परत करा.

पत्रात मागायचं ते एवढंच: पदनामानुसार बायका किती, पुरुष किती, आणि मागच्या तीन महिन्यांचे बेसिक-डीए, हजेरी भत्ता व ओटी तास यांची सरासरी. ‘पगार गोपनीय असतो’ हे उत्तर येणारच. सरासरीला नाव लागत नाही, आणि एखाद्या पदावर पाचाहून कमी माणसं असतील तर ते पद वगळा, हे आपणच आधी लिहून टाकायचं.

मग पुरुष सभासदांची कुजबुज सुरू होते: त्यांचं वाढवायला आमचं कापतील. हे आठ मार्चच्या आधीच, पाळीपाळीत जाऊन सांगून ठेवावं लागतं की समानता आणण्यासाठी कुणाचाही दर खाली आणायला कायद्यानंच मनाई आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात ही तरतूद होती, वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्येही आहे. जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा जुन्या पत्रकाची फाइल उघडून नुसतं वर्ष बदलू नका. समान वेतन आता वेतन संहितेत आहे, बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर सामाजिक सुरक्षा संहितेत. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मात्र वेगळाच राहिला आहे. संहितांना विरोध करणाऱ्या युनियनांनीही पत्रात कलम चालू कायद्याचंच घालावं. विरोध सभेत करा. मोडीत निघालेल्या कायद्याचा हवाला देऊन पत्राची ताकद उगाच घालवू नका.

एक गोष्ट युनियनवाल्यांना गोड लागणार नाही. समान वेतनावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा गाजलेला निकाल मुंबईच्याच एका खटल्यातला: मॅकिनॉन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा. कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. कंपनीनं बचावात काय सांगितलं? हा पगार युनियनबरोबरच्या करारानंच ठरलेला आहे. म्हणजे बायकांच्या कमी पगारावर सही मालकाची आणि युनियनची, दोघांची होती. कोर्टानं सांगितलं की करारानं कायद्यावर मात करता येत नाही, आणि कंपनीला परवडत नाही हेही कारण चालणार नाही. म्हणून आठ मार्चचं पत्र द्यायच्या आधी स्वतःच्या मागच्या करारातलं ग्रेडचं परिशिष्ट वाचा. ‘हेल्पर (महिला)’ असं त्यात आपणच लिहून ठेवलेलं असू शकतं.

पत्राला उत्तर आलं नाही तर पुढची तारीख १८ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय समान वेतन दिन. त्या दिवशी मंडप वगैरे काही नको. आठ मार्चचं पत्र, त्याची पोच आणि ‘उत्तर नाही’ एवढं नोटीस बोर्डावर लावलं की झालं.

गेटमीटिंग दहा मिनिटांच्या आत

पहिली पाळी तीनला सुटते, दुसरी तीनला लागते. बस तीन वाजून दहा मिनिटांनी निघते. बस चुकली तर शेअर रिक्षाचे पैसे, आणि घरी शाळेतून आलेली पोरं दारात. तरीही सभा सव्वातीनला ठेवतात आणि मग ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असा अहवाल लिहितात. वेळ बसच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवा. येणाऱ्या पाळीसाठी दोन पस्तीसला, जाणाऱ्यांसाठी तीन वाजता थेट बसच्या दारापाशी, जनरल शिफ्टसाठी साडेपाचला. तिन्ही वेळा तेच बोलायचं. मुख्य बोलणारी चार मिनिटं, आणि पहिली बोलणारी बाईच, तीही त्या खात्यात काम करणारी. बाहेरून आलेले पुढारी शेवटी, दोन मिनिटं.

पोलीस ठाण्याला आठ दिवस आधी पत्र: तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही. पोच घ्या. शाळा किंवा दवाखाना शंभर मीटरच्या आत असेल तर भोंगा नकोच. हातातला मेगाफोन तसाही बरा. फक्त सेल जास्तीचे ठेवा, तो नेमका मागणी वाचताना बसतो.

पत्रक ए-फाइव्ह, एका बाजूला, चौदा पॉइंटच्या खाली अक्षर नको. एकूण कामगारांच्या, म्हणजे कंत्राटी आणि ट्रेनी धरून, दहा टक्के जास्त प्रती काढा. वाटप जाणाऱ्यांना करा. येणाऱ्याच्या हातातलं पत्रक सिक्युरिटीच्या टेबलावर राहतं किंवा लॉकरमध्ये जातं. जाणाऱ्याचं घरी जातं. कंत्राटी बायका बहुधा दुसऱ्या गेटनं सुटतात आणि ठेकेदाराचा मुकादम तिथेच उभा असतो. त्यांना गेटवर गाठू नका. पुढच्या बसस्टॉपवर किंवा चहाच्या टपरीपाशी गाठा. आणि त्यांचे फोटो काढू नका. फोटोत दिसलेली कंत्राटी बाई दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकते, त्यावर कुणाची सही नसते आणि मग लढायला कागदही नसतो.

वार आधी बघून घ्या. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवार असतो. दिन सुट्टीच्या दिवशी आला तर सभा आदल्या कामाच्या दिवशी.

नोव्हेंबरअखेर: भिंतीवरचा कागद

२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी दिवस. १९६० साली याच तारखेला डॉमिनिकन प्रजासत्ताकात मिराबाल भगिनींचा खून झाला. तिथून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतचे सोळा दिवस जगभर पाळतात. आपल्याकडे याच पंधरवड्यात ९ डिसेंबर येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ साली याच दिवशी लागू झाला. शिवाय कंपनीत अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्षाचा असतो, म्हणजे डिसेंबरात मागणी केली तर ‘अजून वेळ आहे’ म्हणायला जागा राहत नाही.

इथे मेणबत्ती मोर्च्याआधी करायचं काम म्हणजे भिंतीपर्यंत चालत जाणं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि ती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावलेला हवा. सगळ्यांना म्हणजे शॉप फ्लोअरवर. रिसेप्शनच्या सोफ्यामागचा बोर्ड पाहुण्यांसाठी असतो. आदेशावर तारीख बघा: सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई आहे का, निम्म्याहून कमी बायका नाहीत ना, बाहेरची सदस्य कोण, ती कंपनीच्याच वकिलाच्या ऑफिसातली तर नाही? त्यावरचा फोन नंबर लावून बघा. तो बंद निघणं किंवा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या बाईला लागणं, हे आश्चर्य वाटण्याइतकं दुर्मीळ नाही.

मग पत्रकात मुदती छापा, कारण तक्रारी तिथेच मरतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल दहा दिवसांत, त्यावर मालकाची कारवाई साठ दिवसांत. चौकशी चालू असताना तिला स्वतःची किंवा त्याची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजाही. समेट करायचा असेल तर तिनं म्हटलं तरच, आणि पैशांवर समेट चालत नाही. कंत्राटी बाईही इथेच तक्रार करू शकते. ‘ठेकेदाराकडे जा’ हे उत्तर चुकीचं आहे. दहाहून कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

युनियनची स्वतःची गोची इथेच होते. तक्रार करणारी सभासद, आणि ज्याच्यावर तक्रार तोही सभासद, कदाचित कमिटी मेंबर. कार्यकारिणीनं आधीच ठराव करून ठेवावा: एकच पदाधिकारी दोघांच्या बाजूनं बसणार नाही, आणि अंतर्गत समितीवर असलेला आपला माणूस त्या प्रकरणावर युनियनच्या बैठकीत तोंड उघडणार नाही. नाव बाहेर फुटणं कायद्यानं गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढची दुसरी बाई मग तक्रारच करत नाही. घाईही तितकीच घातक. गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात समितीनं भराभर बैठका उरकल्या, आरोपीला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. मधली चौदा वर्षं वाया गेली. ‘त्याला काय विचारायचं’ असं म्हणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याला हे प्रकरण सांगावं.

एप्रिल

१४ एप्रिलला गेटमीटिंग ठेवू नका. सुट्टी असते, लोक वस्तीतल्या मिरवणुकीच्या तयारीत असतात. १३ तारखेला ठेवा आणि एकच गोष्ट सांगा, गिरणीतली. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणाईत, पगार चांगला होता. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलमधली, कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. या एका कारणानं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे उभं करत नसत. ते कमी पगाराच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि पुढाऱ्यांनी नाखुशीनं का होईना तो मागण्यांत घेतला. भेदभाव तेव्हाही नियमावलीत लिहिलेला नव्हता. तो कामाच्या पद्धतीत होता.

आजचा धागा कुठे ओढला जातो ते शोधायला जातीचं सर्वेक्षण करू नका. शॉप फ्लोअरवर कुणाला जात विचारणं म्हणजे अपमानच. कामांची यादी करा: गटार, संडास, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रियेचा) गाळ, कॅन्टीनची भांडी, पेंट बूथची सफाई. प्रत्येक काम कायम कामगाराकडे की ठेक्यात, आणि गेल्या दहा वर्षांत त्या कामावरून मशीनवर किती जण गेले? ‘शून्य’ हे उत्तर आलं की मागणी आपोआप तयार होते: पुढच्या भरतीत आतल्या सफाई कामगारांना ट्रेड टेस्टची संधी, इतक्या जागा, या तारखेपर्यंत. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तिथे मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. चेंबरच्या झाकणाशेजारी रंगानं लिहून ठेवा. खरंच, भिंतीवर रंगानंच. पत्रक त्या माणसापर्यंत पोचत नाही.

तिथून २८ एप्रिल. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन व्यवस्थापनाचा असतो: शपथ, घोषवाक्य स्पर्धा, हेल्मेट घातलेला जीएम. २८ एप्रिल कामावर मेलेल्यांचा आणि अधू झालेल्यांचा. त्या दिवशी अपघात नोंदवही मागा आणि कंत्राटी कामगारांचे ईएसआय (कामगार विमा) नंबर गेटपासच्या यादीशी ताडून बघा. अपघात झाला त्याच दिवशी नोंदणी झालेला कामगार सापडला तर समजा की त्याच्या आधीचे महिने कागदावर नव्हतेच. तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआयकडून सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळतात, पण रोज कमी दाखवलेला असेल तर ९० टक्केही त्या कमी रोजाचेच.

१ मे बद्दल फार लिहीत नाही. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि कामगार दिन एकाच सकाळी येतात आणि झेंडावंदन जिंकतं. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आठ पगारी सणसुट्ट्यांमध्ये १ मे नाव घेऊन आहे, एवढं मात्र मॉलमधल्या आणि कॉल सेंटरमधल्या पोरापोरींना सांगा. त्यांना ती सुट्टी कंपनीची मेहेरबानी वाटते.

जूनचा आठवडा

एप्रिल १८९० मध्ये लोखंड्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले, आणि त्यात दोन कामगार बायका बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर सहा दिवसांनी कॅलेंडरवर १६ जून येतो, घरकामगारांचा दिवस, कारण २०११ साली त्या तारखेला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणी आहे, लाभ आहेत, आठवड्याची सुट्टी नाही. एकशेतीस वर्षांपूर्वी गिरणीतल्या बाईला मिळालेला रविवार तिच्या पणतीला धुण्याभांड्याच्या कामात मिळत नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तोही पगाराबरोबर सुट्टीसाठीच.

सभा १६ तारखेलाच घ्यायचा अट्टाहास नको. त्याच दिवसांत शाळा उघडतात. वह्या, गणवेश, रेशन सगळं एकदम येतं. १२ किंवा १३ जून धरा, १२ ला बालकामगार विरोधी दिवसही असतो. वेळ दुपारी तीन ते साडेचार, सकाळची घरं झाल्यावर आणि संध्याकाळच्या घरांआधी. पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून वस्तीतलं समाजमंदिर आधीच सांगून ठेवा. खुर्च्या मांडू नका, सतरंजी घाला. खुर्चीवर पुढारी बसतात आणि बायका दारात उभ्या राहतात.

भाषणाऐवजी कार्ड भरा. एका घराला एक कार्ड, पोस्टकार्डाच्या मापाचं जाड कागदाचं, दोन प्रती. रकाने: घर (फक्त सोसायटी आणि मजला), कामं सुटी सुटी, माणसं किती, प्रत्येक कामाचे पैसे, पगाराची तारीख, दिवाळीचा बोनस, आजारपणाचे खाडे किती कापणार, आणि सुट्टी. कामं सुटी लिहायचं कारण असं की ‘धुणंभांडी’ म्हणून ठरवलेल्या पगारात सहा महिन्यांत कुकरच्या शिट्या, भाजी निवडणं आणि बाल्कनीतल्या कुंड्या शिरतात. नवीन काम आलं की नवीन ओळ, नवीन रक्कम.

शेवटचा रकाना भरताना बायका ‘महिन्यातून दोन सुट्ट्या’ असं सांगतात. तसं लिहू नका. वार न ठरवलेली सुट्टी ‘या आठवड्यात पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात घे’ म्हणत महिना संपेपर्यंत पुढे सरकते आणि पहिल्या तारखेला हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ‘दुसरा आणि चौथा रविवार’ असं लिहा. एकाच इमारतीत काम करणाऱ्या सगळ्यांनी तेच दोन रविवार लिहा, म्हणजे एकीनं सुट्टी घेतली म्हणून त्या दिवशी दुसरीला बोलावता येणार नाही. कार्डाची एक प्रत घरमालकिणीकडे द्यायची, शक्यतो तिनं फ्रिजवर लावावी असं सांगून, आणि दुसरी स्वतःच्या पिशवीत.